एका ‘ओ’साठी इतकी चिडचिड? इंग्रजीतल्या चुकांचं नेमकं करायचं काय

दुसऱ्यांनी लिहिलेलं इंग्रजी वाचणं हाच माझा पोटापाण्याचा उद्योग. अहवाल, मेल, पत्रकं, सादरीकरणं असं सगळं बाहेर जाण्याआधी माझ्या नजरेखालून जातं. त्यामुळे ‘लूझ’ म्हणजे गमावणं, या शब्दात कुणी दोन ओ घातले की दाताखाली खडा आल्यासारखं होतं. दोन ओ घातले की तो ‘लूस’ होतो, म्हणजे सैल.

एकदा वीसेक जणांना गेलेल्या मेलमध्ये ‘ही संधी आपण गमावता कामा नये’ असं म्हणायचं होतं आणि लिहिलं होतं ‘सैल’. मी तावातावाने सगळ्यांना उत्तर धाडलं. दोन्ही शब्दांतला फरक समजावला आणि शेवटी इंग्रजीत ठणकावलं की प्रत्येक शब्दाला त्याचं योग्य स्पेलिंग मिळायला हवं. त्या ‘त्याचं’साठी जो ‘इट्स’ लिहिला, त्याला मी अपॉस्ट्रॉफी लावून ठेवली होती. पाच मिनिटांत एकाने माझंच वाक्य परत पाठवलं. ती अपॉस्ट्रॉफी तेवढी लाल आणि ठळक केलेली. सोबत एक अक्षर नाही.

या फजितीला नाव आहे, हे मला नंतर कळलं: ‘मफ्रीचा नियम’. ‘जे बिघडू शकतं ते बिघडतंच’ म्हणणाऱ्या प्रसिद्ध नियमातल्या ‘मर्फी’ची अक्षरं मुद्दाम उलटीपालटी करून जॉन बँगसंड या ऑस्ट्रेलियन संपादकाने १९९२ साली ते ठेवलं. दुसऱ्याच्या लेखनातल्या चुका दाखवणारा मजकूर तुम्ही लिहिलात, तर त्यात तुमची एक तरी चूक राहणारच, असा तो नियम. (या लेखालाही तो लागू आहे. चूक सापडली तर कळवा, पण मला एकटीलाच मेल करा.)

तेव्हापासून मी स्वतःला एक क्रम लावून घेतला. दुसऱ्याला सांगणं त्यात सगळ्यात शेवटी येतं.

पायरी पहिली: चार ढीग करा

चूक दिसली की लगेच हात उचलायचा नाही. ती कोणत्या ढिगातली हे आधी ठरवायचं.

पहिला ढीग घसरलेल्या बोटांचा. ‘द’ लिहिताना टी-ई-एच झालं, ‘फ्रॉम’चा ‘फॉर्म’ झाला. लिहिणाऱ्याला ते येत असतं, त्यामुळे चिडण्यासारखं इथे काही नाही.

दुसरा ढीग खऱ्या चुकांचा. माहीत नाही म्हणून झालेली आणि म्हणूनच पुन्हा पुन्हा होणारी चूक. ‘शुड हॅव’ऐवजी ‘शुड’नंतर ओ-एफ लिहिणं, ‘देअर’च्या तीन स्पेलिंगांची अदलाबदल, दोन ओंचा ‘लूझ’. खरी मेहनत इथे घ्यायची.

तिसऱ्या ढिगात चूक नसतेच, वेगळी पद्धत असते. ‘कलर’मधला यू, ‘ट्रॅव्हल्ड’मधला दुसरा एल, ‘लर्न्ट’ की ‘लर्न्ड’. नोआ वेबस्टरने १८२८ सालच्या आपल्या शब्दकोशात अमेरिकन वळणाची स्पेलिंगं पक्की केली आणि तेव्हापासून इंग्रजीचे दोन संसार रीतसर वेगळे झाले. एका मजकुरात एकच पद्धत पाळावी, एवढीच अपेक्षा ठेवता येते. ‘ऑर्गनाइझ’मध्ये झेड दिसला की काही जण ‘हे अमेरिकन’ म्हणून कापतात, त्यांच्यासाठी सांगते: ऑक्सफर्डचे ब्रिटिश शब्दकोशसुद्धा झेडचंच रूप आधी देतात.

चौथा ढीग लाडक्या नियमांचा, आणि सगळ्यात जास्त भांडणं याच ढिगावर बसून होतात. शाळेत कुणीतरी दटावून सांगितलेलं असतं: वाक्याच्या शेवटी प्रेपोझिशन आणू नये, ‘टू’ आणि क्रियापद यांच्यामध्ये शब्द घालू नये, ‘बट’ने वाक्य सुरू करू नये. आपण ते जपून ठेवतो आणि दुसऱ्यावर चालवतो. या नियमांचं मूळ काढलं की गंमत दिसते. शेवटच्या प्रेपोझिशनवर १६७२ साली कवी जॉन ड्रायडनने आक्षेप घेतला. पुढे त्याने स्वतःच्या जुन्या लेखनातली तशी वाक्यंही दुरुस्त केली. लॅटिनमध्ये अशी रचना बसत नाही, म्हणून इंग्रजीतही नको, असा त्या काळच्या पंडितांचा कल होता. १७६२ साली व्याकरण लिहिणारा रॉबर्ट लाउथ तसा सौम्य होता. बोलण्यात हे चालतं, गंभीर लेखनात टाळलेलं बरं, एवढंच तो म्हणाला. पण ‘आपल्या भाषेचा या लकबीकडे फार ओढा आहे’ हे सांगणारं त्याचं इंग्रजी वाक्य स्वतःच ‘टू’वर संपतं!

‘लेस’ आणि ‘फ्यूअर’चंही तेच. मोजता येतं तिथे ‘फ्यूअर’, हा आज अनेकांचा जीव की प्राण. १७७० साली रॉबर्ट बेकरने ‘मला हे अधिक नेटकं वाटतं’ अशी वैयक्तिक आवड म्हणून ते लिहिलं होतं. आवडीचा कायदा नंतरच्यांनी केला. ‘टू’ आणि क्रियापद यांच्यामध्ये शब्द घालू नये, हा आग्रह १८६४ साली हेन्री आल्फर्डने धरला. उलट एका व्यक्तीसाठी ‘दे’ वापरणं, ज्याला आजकालचं फॅड म्हणून नाकं मुरडली जातात, ते चौदाव्या शतकापासून लेखनात आहे. ‘लिटरली’ अतिशयोक्तीसाठी वापरण्याची खोडही अठराव्या शतकाइतकी जुनी आहे. मला ती आवडत नाही. पण मला आवडत नाही आणि ती चूक आहे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मान्य करायला मला बरीच वर्षं लागली.

पायरी दुसरी: बोलण्याआधी शब्दकोश उघडा

फ्रेंचला १६३५ पासून स्वतःची अकादमी आहे. इंग्रजीला अशी निवाडा करणारी संस्था कधीच मिळाली नाही. जोनाथन स्विफ्टने १७१२ साली मागणी करून पाहिली, पण ती हवेतच विरली. सॅम्युएल जॉन्सनचा मोठा शब्दकोश १७५५ साली आला, तोही एका माणसाच्या हिमतीवर. म्हणजे इंग्रजीत ‘बरोबर’ याचा अर्थ जाणकार लिहिणाऱ्यांचा आजचा प्रघात, आणि तो जिथे नोंदलेला असतो ती जागा म्हणजे शब्दकोश.

एक ब्रिटिश आणि एक अमेरिकन असे दोन शब्दकोश फोनवर ठेवा. शब्द नुसता सापडला म्हणून जिंकल्यासारखं वागू नका, त्याच्यापुढची बारीक अक्षरातली खूण वाचा. ‘इररिगार्डलेस’ हा शब्द शब्दकोशात सापडतो, पण ‘अप्रमाण’ असा शिक्का घेऊन. त्यानंतर उच्चार पाहा. उच्चारचिन्हांत वरच्या बाजूला एक छोटी उभी रेघ असते, तिच्या पुढच्या अवयवावर, म्हणजे उच्चाराच्या तुकड्यावर (सिलॅबलवर), जोर द्यायचा. आणि उलटा लिहिलेला छोटा ई दिसला तर तो ‘श्वा’, म्हणजे जोर नसलेला, पुसट ‘अ’. ही दोन चिन्हं नीट लक्षात ठेवा, पुढे स्पेलिंगची निम्मी कोडी त्यांच्यानेच सुटणार आहेत.

पायरी तिसरी: चूक कुठून आली ते शोधा

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण कारण कळलं की पाठांतर कमी होतं आणि चीडही निम्म्यावर येते.

‘शुड’नंतर ओ-एफ लिहिणारा माणूस मूर्ख नसतो, त्याचा कान तल्लख असतो. ‘शुड हॅव’ आखडून ‘शुड’व्ह’ झालं की ते कानाला हुबेहूब ‘शुड अव्ह’ ऐकू येतं, आणि ओ-एफचा उच्चारही ‘अव्ह’च. त्याने ऐकलं तसं लिहिलं. उपाय सोपा: आखडलेलं रूप उलगडून पाहायचं. अपॉस्ट्रॉफीवाल्या ‘इट्स’लाही हीच परीक्षा. तिथे ‘इट इज’ किंवा ‘इट हॅज’ घालून वाक्य टिकलं तर अपॉस्ट्रॉफी हवी, कोसळलं तर नको. ‘हिज’, ‘हर्स’, ‘अवर्स’ यांनाही अपॉस्ट्रॉफी नसते, हे सोबत लक्षात ठेवलं की ‘त्याचं’ अर्थाचा ‘इट्स’ त्यांच्या रांगेत बरोबर बसतो. सतराव्या शतकात मालकी दाखवणाऱ्या ‘इट्स’लाही सर्रास अपॉस्ट्रॉफी लावत असत, म्हणजे माझी ती लाल अपॉस्ट्रॉफी फक्त तीनेकशे वर्षं उशिरा आली होती. हा बचाव मी तेव्हा केला नाही. अपॉस्ट्रॉफीच्या रक्षणासाठी जॉन रिचर्ड्स या निवृत्त पत्रकाराने ब्रिटनमध्ये २००१ साली चक्क एक संस्था काढली होती. २०१९ साली वयाच्या नव्वदीपार गेल्यावर, अज्ञान आणि आळस जिंकले असं सांगून त्यांनी ती गुंडाळली.

आता श्वा. इंग्रजीत जोर नसलेला स्वर पुसट होतो. मग तो ए होता, ई होता, आय होता की ओ, हे कानाला सांगताच येत नाही. म्हणून ‘सेपरेट’मध्ये मधला ए जाऊन ई बसतो, ‘डेफिनेटली’मध्ये आयच्या जागी ए येतो, ‘ग्रामर’च्या शेवटी ई-आर येतं. यावरचा माझा आवडता उपाय म्हणजे त्या शब्दाचा असा नातेवाईक शोधणं, ज्याच्यात नेमका तोच स्वर जोरात उच्चारला जातो.

‘ग्रामर’ला विचारू नका, ‘ग्रमॅटिकल’ला विचारा. त्याचा ‘मॅ’ खणखणीत वाजतो, म्हणजे एमनंतर ए. ‘ऑथर’च्या शेवटी काय? ‘ऑथॉरिटी’ सांगते: ओ. ‘सिमिलर’? ‘सिमिलॅरिटी’, म्हणजे ए. ‘काँपिटिशन’मधला पीनंतरचा स्वर? ‘कंपीट’ म्हणतो ई. ‘डेफिनेटली’च्या पोटात ‘फायनाइट’ आख्खा बसलेला आहे, एफ-आय-एन-आय-टी-ई, त्यात ए कुठेच नाही. ‘सेपरेट’चा नातेवाईक जरा लांबचा: ‘प्रिपेअर’. दोघेही एकाच लॅटिन धातूचे, आणि दोघांतही पीनंतर ए.

मुक्या अक्षरांनाही हाच उपाय चालतो. ‘साइन’मधला जी मुका, पण ‘सिग्नेचर’मध्ये बोलतो. ‘मसल’मधला सी ‘मस्क्युलर’मध्ये जागा होतो, ‘कन्डेम’च्या शेवटचा एन ‘कन्डेम्नेशन’मध्ये. एकदा ही खोड लागली की शब्द सुटे राहत नाहीत, घराण्यानिशी ओळखू येतात.

दुहेरी अक्षरांचा गोंधळही बराचसा जोरावरच सुटतो. शेवटच्या अवयवावर जोर असेल तर प्रत्यय लावताना शेवटचं व्यंजन दुप्पट होतं, नसेल तर होत नाही. ‘बिगिन’चा जोर शेवटी, म्हणून ‘बिगिनिंग’मध्ये दोन एन. ‘ओपन’चा जोर सुरुवातीला, म्हणून ‘ओपनिंग’मध्ये एकच. ‘प्रिफर’चं ‘प्रिफर्ड’ होताना आर दोन, पण ‘प्रेफरन्स’मध्ये जोर उडी मारून पहिल्या अवयवावर जातो, म्हणून आर एकच. ‘ट्रॅव्हल’ला ब्रिटिश पद्धतीत हा नियम लागत नाही, तिथे एल दोनच राहतात. अमेरिकन मात्र नियमाला धरून एकच लिहितात.

काही शब्दांना मात्र नातेवाईकच नाहीत, ते घोकावे लागतात. ‘अकॉमोडेट’ म्हणजे सामावून घेणं, त्याने दोन सी आणि दोन एम दोघांनाही सामावून घेतलंय. ‘एम्बॅरस’मध्ये दोन आर, दोन एस. ‘नेसेसरी’त एक सी, दोन एस. ‘रेकमेंड’मध्ये एक सी, दोन एम. ‘आय आधी, ई नंतर, सीच्या पाठी उलट’ हा नियम फक्त दीर्घ ‘ई’ ऐकू येतो तिथेच वापरा, ‘बिलीव्ह’ आणि ‘रिसीव्ह’मध्ये. तिथेही ‘सीझ’ म्हणजे जप्त करणं आणि ‘प्रोटीन’ त्याला जुमानत नाहीत, आणि ‘विअर्ड’ तर नावाप्रमाणेच वागतो.

मुळात ही स्पेलिंगं इतकी वाकडी का, याचं उत्तर इतिहासात आहे. विल्यम कॅक्स्टनने १४७६ साली वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला आणि स्पेलिंगं हळूहळू गोठू लागली. नेमक्या त्याच काळात, साधारण १४०० ते १७०० या तीनशे वर्षांत, दीर्घ स्वरांचे उच्चार एकामागून एक सरकत होते. घर बांधून झालं आणि मग जमीन हलली, अशातला प्रकार. ‘नाइट’ म्हणजे सरदार, यातला के कधीकाळी उच्चारला जात होता. ‘डेट’ म्हणजे कर्ज, यातला बी तर कधीच कुणी उच्चारला नाही. लॅटिन ‘डेबिटम’शी नातं दिसावं म्हणून विद्वानांनी तो मागाहून खोचला. ‘आयलंड’मधला एस तर निव्वळ गैरसमजातून आला. फ्रेंचमार्गे आलेल्या ‘आइल’शी त्याचा काही संबंध नसताना तो आहे असं मानलं गेलं. आज जो ‘डेट’मधला बी विसरतो त्याला आपण अडाणी म्हणतो, आणि ज्यांनी तो घुसवला ते पंडित ठरले.

सारखे ऐकू येणारे शब्द भराभर उरकते. ‘अफेक्ट’ बहुतेक वेळा क्रियापद, ‘इफेक्ट’ बहुतेक वेळा नाम. थांबलेला ‘स्टेशनरी’ ए-आर-वायचा, कागदपेनांचा ई-आर-वायचा, कारण तो ‘स्टेशनर’ म्हणजे ते विकणारा, त्याच्यापासून आला. पूरक अर्थाच्या ‘काँप्लिमेंट’मध्ये ‘कंप्लीट’चा ई, कौतुकाच्या ‘काँप्लिमेंट’मध्ये आय. ‘नेतृत्व केलं’ हा ‘लेड’ एल-ई-डी. त्यात ए घुसतो, कारण शिसं अर्थाचा ‘लेड’ एल-ई-ए-डी असाच लिहितात आणि तसाच ऐकू येतो. दररोज हे क्रियाविशेषण असेल तर ‘एव्हरी डे’ दोन शब्द, ‘रोजचा’ हे विशेषण असेल तरच एक.

पायरी चौथी: व्याकरणाला झाकून पाहायची सवय

व्याकरणाच्या बऱ्याच चुका वाक्याचा एक तुकडा बोटाने झाकला की उघड्या पडतात. ‘द लिस्ट ऑफ नेम्स आर रेडी’मध्ये ‘ऑफ नेम्स’ झाका. ‘द लिस्ट आर’ कुणीच म्हणणार नाही.

‘बिट्वीन यू अँड आय’ ही चूक विशेष, कारण ती शहाणपणातून होते. लहानपणी ‘मी अँड माय फ्रेंड’ म्हटल्यावर बोलणी खाल्लेली असतात, मग माणूस जिथे तिथे ‘आय’ लावून सुरक्षित राहायला बघतो. दुसरी व्यक्ती झाकून पाहा: ‘गिव्ह इट टू हिम अँड आय’मधून ‘हिम अँड’ काढलं की उरतं ‘गिव्ह इट टू आय’. ‘बिट्वीन’च्या बाबतीत ‘वुई’ की ‘अस’ एवढं विचारा. ‘अस’ बसलं तर इंग्रजी ‘मी’ (एम-ई) हवं. ‘हू’ आणि ‘हूम’लाही असंच: उत्तर ‘ही’ येत असेल तर ‘हू’, ‘हिम’ येत असेल तर ‘हूम’. ‘हिम’ आणि ‘हूम’, दोघांच्या शेवटी एमच आहे.

‘डिस्कस अबाउट’ आणि ‘एम्फसाइझ ऑन’ या जोड्यांत आपल्या मराठीची सावली पडते. आपण विषयावर चर्चा करतो, मुद्द्यावर भर देतो. तो ‘वर’ नकळत इंग्रजीत येतो. इंग्रजी क्रियापदाच्या पोटात तो आधीच आहे, बाहेर पुन्हा नको. ‘रिटर्न बॅक’ही त्यातलंच. ‘इन्फर्मेशन’, ‘अ‍ॅडव्हाइस’, ‘इक्विपमेंट’, ‘फर्निचर’, ‘रिसर्च’ यांना एस लावायचा नाही. ‘डिड’ आला की पुढचं क्रियापद मूळ रूपात. ‘वन ऑफ द’ म्हटलं की पुढचं नाम अनेकवचनी. एवढं पाळलं तरी रोजच्या मेलमधला बराच कचरा निघून जातो.

पायरी पाचवी: उच्चारात आधी जोर, मग ध्वनी, आणि धाटणीला हातच लावायचा नाही

उच्चाराच्या चुकांवर चिडणारे बहुतेकदा चुकीच्या गोष्टीवर चिडतात. ऐकणाऱ्याचा गोंधळ होतो तो जोर चुकल्यामुळे. ‘फोटोग्राफ’मध्ये जोर पहिल्या अवयवावर, ‘फटॉग्रफी’त दुसऱ्यावर, ‘फोटोग्रॅफिक’मध्ये तिसऱ्यावर. ‘रेकर्ड’ नाम असेल तर सुरुवातीला जोर, ‘रिकॉर्ड’ क्रियापद असेल तर शेवटी. ‘परमिट’, ‘काँट्रास्ट’, ‘काँफ्लिक्ट’ यांचंही तसंच.

ध्वनींपैकी दोन सुधारले तरी मोठा फरक पडतो. पहिला व्ही आणि डब्ल्यू. आपला व या दोघांच्या मधोमध कुठेतरी आहे. व्हीला वरचे दात खालच्या ओठावर टेकवा, डब्ल्यूला ओठांचा चंबू करा आणि दात लांब ठेवा. ‘व्हेस्ट’ आणि ‘वेस्ट’ आलटून पालटून आरशासमोर म्हणा, एका आठवड्यात कळेल. दुसरा भूतकाळाचा ई-डी. त्याला शाळेतलं कठोर आणि मृदू व्यंजनांचं कोष्टक पुरतं. क्रियापद कठोर ध्वनीने संपलं तर शेवटी ट ऐकू येतो: ‘आस्क्ट’, ‘वॉक्ट’, ‘लाफ्ट’. मृदू ध्वनीने किंवा स्वराने संपलं तर ड: ‘प्लेड’, ‘कॉल्ड’. आणि शेवटी आधीच ट किंवा ड असेल तरच वेगळा ‘इड’: ‘वॉन्टिड’, ‘नीडिड’. ‘लूस’ आणि ‘लूझ’मधला फरकही हाच, शेवटचा ध्वनी एकात कठोर, दुसऱ्यात मृदू, आपल्या ‘जरा’मधल्या ज-सारखा.

फसवे शब्द थोडेच आहेत. ‘डिटर्मिन’, डिटरमाइन नाही. ‘विमिन’. ‘सटल’, मधला बी गिळायचा. ‘डेब्री’, शेवटचा एस फ्रेंच, म्हणून मुका. ‘मिसचिव्हस’, तीनच अवयव, ‘व्हियस’ नाही. ‘कर्नल’ लिहायचं एलने आणि म्हणायचं आरने, कारण शब्द दोन रूपांनी आला, एकाचं स्पेलिंग टिकलं आणि दुसऱ्याचा उच्चार. आणि ‘प्रोनाउन्सिएशन’ असं म्हणून दुसऱ्याचे उच्चार सुधारणारे मी स्वतः पाहिले आहेत. तो शब्द ‘प्रनन्सिएशन’ आहे.

‘ऑफन’मध्ये ट म्हणणारे आणि न म्हणणारे दोघेही बरोबर. ‘आस्क’चा ‘आक्स’ करणाऱ्यांना हसण्याआधी एवढं माहीत असू द्या, की जुन्या इंग्रजीत दोन्ही रूपं नांदत होती आणि चौदाव्या शतकात कवी चॉसरने ‘आक्स’ लिहिलेलं आहे. आज औपचारिक बोलण्यात ते चालत नाही, ही गोष्ट वेगळी. ‘बर्ड’सुद्धा कधीकाळी ‘ब्रिड’ होता. राहता राहिली धाटणी, म्हणजे माणूस कुठल्या मुलखातला हे सांगणारा सूर. ती चूक नव्हेच.

पायरी सहावी: आधी आपलं झाडून घ्या

स्वतःच्या मजकुरातल्या चुका दिसत नाहीत, कारण आपण तो वाचत नाही, आठवतो. म्हणून तो अनोळखी करायचा. अक्षराचा आकार आणि वळण बदला, कागदावर काढा, शक्यतो रात्र जाऊ द्या. मग मोठ्याने वाचा. जीभ अडखळते तिथे नव्वद टक्के वेळा वाक्यच अडखळलेलं असतं, हा माझा अंदाज, मोजमाप नव्हे. शीर्षक आणि पहिली ओळ वेगळी तपासा. मोठ्या अक्षरांतल्या चुका सगळ्यात शेवटी दिसतात.

स्पेलिंग तपासणाऱ्या सोयीला आधी भाषा सांगा, ब्रिटिश की अमेरिकन. आणि तिच्या भरवशावर राहू नका. ‘लेड’च्या जागी शिसं आलं, ‘पब्लिक’मधला एल गळला, तरी ती हूं की चूं करत नाही, कारण दोन्ही शब्द खरेच असतात. त्यासाठी एक खासगी यादी हवी, आपल्याच हमखास चुकणाऱ्या शब्दांची. पाठवण्याआधी त्यातला एकेक शब्द मजकुरात शोधायचा. माझ्या यादीत ‘इट्स’ सगळ्यात वर आहे, का ते सांगायला नको.

पायरी सातवी: आता दुसऱ्याला, पण तीन प्रश्न विचारून

त्याने विचारलंय का? हा मजकूर त्याच्या नावाने बाहेर जाणार आहे का? चुकीमुळे अर्थ बदलतोय का? तिन्हींचं उत्तर नाही आलं तर आवंढा गिळायचा. गप्पांत, सांत्वनाच्या निरोपात, कुणी रागात लिहिलेल्या दोन ओळींत स्पेलिंग काढणं हा निव्वळ दुष्टपणा. वादात मुद्दा हरत आला की समोरच्याचं व्याकरण काढणं हा त्याहून वाईट.

एक तरी हो आलं, तर एकट्यात सांगा आणि एका वेळी एकच चूक. ‘हे चुकलं’ म्हणण्याऐवजी बरोबर रूप थेट द्या. अनेकदा तेवढंही लागत नाही: त्याने ‘डिस्कस अबाउट द प्लॅन’ लिहिलं, तुम्ही उत्तरात ‘येस, लेट्स डिस्कस द प्लॅन’ लिहा. लक्ष असलेला माणूस उचलतो.

आमच्याकडे नव्याने आलेला एक मुलगा बैठकीत ‘एपिटोम’ म्हणाला. दोन जणांनी एकमेकांकडे पाहिलं. मी नंतर जिन्यात त्याला गाठलं.

“तो शब्द तू पहिल्यांदा वाचलास की ऐकलास?”

“वाचला. शाळेत असताना एका कादंबरीत. का हो, ताई?”

“मीही वाचूनच शिकले, म्हणून बरीच वर्षं एपिटोमच म्हणत होते. इपिटमी म्हणतात. जोर ‘पि’वर.”

त्याने तोंडातल्या तोंडात तीनदा घोळवला. दोन पायऱ्या उतरून पुन्हा थांबला.

“मग हायपरबोल?”

“हायपर्बली.”

“अरे देवा. तो मी मुलाखतीत वापरला होता.”

“निवडलं ना तुला?”

जो शब्द चुकीचा उच्चारतो त्याने तो बहुधा पुस्तकातून एकट्याने मिळवलेला असतो. त्या दोघांनी एकमेकांकडे टाकलेली नजर मला त्या उच्चारापेक्षा जास्त खटकली.

आणि कुणी आपली चूक दाखवली तर ‘थँक्स’ म्हणून दुरुस्त करायची. ऑटोकरेक्टवर ढकलायची नाही. तो लाल अपॉस्ट्रॉफीवाला सहकारी आता माझी महत्त्वाची पत्रं पाठवण्याआधी वाचतो, मी त्याची वाचते. गेल्या आठवड्यात त्याने माझ्या एका शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारून दिली: ‘अकरन्स’. दोन सी मी लिहिले होते, शेवटचा ईसुद्धा बरोबर होता, आर मात्र एकच. ‘अकर’चा जोर शेवटी, ‘अकरन्स’मध्येही तो तिथेच राहतो, ‘प्रेफरन्स’सारखा सुरुवातीला उडी मारत नाही, म्हणून आर दोन. नियम मला पाठ आहे. यादीत शब्द चौदावा लिहिला.